शिलाई मशीनच्या खाली दोऱ्याचं जाळं होतंय? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे एकेक बघून घ्या

आधी लक्षणं सांगते, तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते बघा, नसेल तर पुढचं वाचत बसू नका.

वरून शिलाई एकदम सरळ, छान दिसते. कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचे लूपच लूप, काही वेळा तर अख्खा बोळा. किंवा सुरुवातीचे चार-पाच टाके पडले की खर्र आवाज होऊन मशीन जाम, चाक हातानेसुद्धा फिरत नाही, कापड सुईखालच्या प्लेटमध्ये असं अडकतं की शेवटी कात्री घालून सोडवावं लागतं. किंवा जाम वगैरे काही होत नाही पण खालचा दोरा दोरीसारखा सरळ पडलेला असतो आणि तो धरून ओढला की सगळी शिलाई सुर्रकन निघून येते. कधी मधेच एखाद-दुसरा टाका सुटतो आणि मग परत सगळं नीट चालतं, जणू काही झालंच नाही.

आणि हे दरवर्षी याच दिवसांत होतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मशीनवर कव्हर टाकून आपण ती कोपऱ्यात सारतो, वर कपड्यांचा ढीग येतो, मग गणपती झाले की नवरात्राचे घागरे, शिवलेली नऊवारी, दिवाळीचे पडदे, उशांचे अभ्रे, जुन्या साड्यांची गोधडी, सगळं एकदम आठवतं. मुंबईतून पाऊस जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, त्यामुळे नवरात्रात बऱ्याचदा एकीकडे पाऊस आणि दुसरीकडे शिवणकाम अशीच परिस्थिती असते. परळला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची मशीन बिघडली की "जरा बघून जा ना" म्हणून मलाच हाक येते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या हाका जवळपास सगळ्या याच एका तक्रारीच्या असतात. मी मेकॅनिक नाही. पण एकच बिघाड परत परत सोडवला की त्यात काय बघायचं ते हाताला कळायला लागतं, म्हणून लिहितेय.

कारण साधं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. सुई गंजते, टेन्शनच्या चकत्यांना (वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या) गंजाचा बारीक थर येतो, जुनं तेल चिकट होतं, आत साठलेला कापडाचा भुसा ओल धरतो, सुती दोरा कुजतो. यातलं एकही बाहेरून दिसत नाही. मशीन वरून चकाचक असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे डोक्यात बसलं तर पुढचं सगळं सोपं आहे: जाळं खाली होत असलं तरी गडबड बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. आपल्या घरातल्या मशीनला दोन दोरे असतात, एक वरून सुईतून येतो, एक खालून बॉबिनमधून, म्हणजे खालच्या छोट्या रिळातून, आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध पडायला पाहिजे. (इलायस हाऊ नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ साली या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ पद्धत तीच आहे, नुसतं रूप बदललं.) सुई दोरा घेऊन खाली गेली की खालचं शटल त्या दोऱ्याचा लूप पकडून बॉबिनभोवती फिरवतं, आणि मग वरचा लिव्हर तो जास्तीचा दोरा परत वर खेचून घेतो. आता वरच्या दोऱ्याला ताणच नसेल तर लिव्हर कितीही वर-खाली नाचला तरी तो दोरा खेचला जात नाही, खालीच साठत राहतो. तेच ते जाळं. म्हणून "खालची बॉबिन खराब झालीय" असं ठरवून बॉबिन केसचा (बॉबिन बसते त्या डबीचा) स्क्रू पिळायला जाऊ नका, प्लीज. मी बघते त्यातल्या निम्म्या मशीनचा खरा प्रॉब्लेम दोन मिनिटांत सुटतो आणि पुढचा सगळा वेळ तो पिळलेला स्क्रू जागेवर आणण्यात जातो.

खात्री करायची असेल तर वर लाल दोरा घाला, बॉबिनमध्ये पांढरा, आणि एका साध्या सुती तुकड्यावर दुहेरी घडी करून एक वीतभर शिलाई मारा. खालच्या बाजूला लाल लूप दिसले तर वरचा दोरा ढिला आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर उलट, वरचा ताण जास्त आहे नाहीतर खालचा दोरा स्प्रिंगमध्ये बसलेलाच नाही. हा तुकडा फेकू नका, पुढे प्रत्येक उपायानंतर त्याच्याच शेजारी नवीन ओळ मारत जा, म्हणजे फरक डोळ्यासमोर राहतो.

हात घालायच्या आधी मोटर लावलेली मशीन असेल तर प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. पायमशीन असेल तर पाय पायट्यावरून काढा. सुईखाली बोट असताना पायटा हलला तर काय होतं ते सांगायला नको.

फुकटातला उपाय आधी. वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवा. आणि ओवताना फूट वर पाहिजे, म्हणजे कापड दाबणारी ती पट्टी मागच्या दांडीने उचललेली पाहिजे. फूट वर असला की टेन्शनच्या दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधे जाऊन बसतो, फूट खाली ठेवून ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या कडेवरूनच जातो. वरून बघायला अगदी बरोबर ओवल्यासारखं वाटतं, सगळ्या हुकांतून गेलेला असतो, पण ताण शून्य. हल्लीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या मशीनमध्ये तर चकत्या आत असतात, दिसतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यात हे जास्त होतं.

बरोबर बसला का ते तपासायचं कसं, तर सुईजवळ दोरा बोटात धरा. फूट वर असताना ओढा, अलगद सरकला पाहिजे. मग फूट खाली करा आणि परत ओढा, आता तो अडला पाहिजे, इतका की सुई किंचित वाकल्यासारखी वाटेल. दोन्ही वेळा सारखाच सरकला तर दोरा चकत्यांमध्ये नाहीये, किंवा चकत्यांमध्ये काहीतरी अडकलंय (ते पुढे सांगते). ही एक चाचणी शिकून घ्या, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

ओवताना वर-खाली होणारा लिव्हरसुद्धा सुटला नाही ना ते बघा, घाईत त्याच्या भोकातून दोरा निसटतो आणि मग पहिल्याच दोन टाक्यांत बोळा.

शिलाई सुरू करतानाची सवयही इथेच बघा. दोन्ही दोऱ्यांची टोकं, वरचं आणि खालचं, फुटाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके बोटांनी धरून ठेवायची, नाहीतर टोक आत ओढलं जातं आणि गुंता तिथेच होतो. जाळं फक्त सुरुवातीलाच होत असेल आणि पुढची शिलाई नीट असेल तर तुमचं दुखणं बहुतेक एवढंच आहे, मशीनला काही झालेलं नाही. पायमशीनवाल्यांनी अजून एक बघायचं, चाक आपल्या दिशेने फिरतंय का. नवशिक्यांकडून पायटा उलटा जातो, चाक एक गिरकी मागे घेतं आणि दोरा खाली गुंडाळला जातो. पहिला टाका हाताने चाक फिरवून घ्यायचा आणि मगच पाय मारायचा, आमच्या आईच्या पिढीतल्या सगळ्या बायका असंच करायच्या आणि त्याला कारण होतं.

यानंतर सुई. सुई बदला. चांगली दिसतेय, मागच्या वर्षीच घातली होती, हे सगळं ठीक आहे, तरी बदला, सुई वडापावच्या पैशात येते. साधारण आठ तासांची शिलाई झाली की सुईचं टोक बोथट होतं असं धरतात, आणि इथे तर ती चार महिने ओल्या हवेत उभी होती. जुनी सुई काढलीत की तिचं टोक एखाद्या जुन्या रेशमी ओढणीवरून हलकेच फिरवा, तंतू अडकला तर टोक गेलेलं आहे. गंज असेल तर नखाला खरखर लागते. अशी सुई वरच्या दोऱ्याचा लूप नीट सोडत नाही, शटलला तो पकडता येत नाही, आणि टाका सुटतो.

बसवताना सुईची सपाट बाजू कुठे करायची यावर लोक भांडतात, कारण मशीनप्रमाणे ते बदलतं. पांढऱ्या मशीनमध्ये सहसा सपाट बाजू मागे. जुन्या, लोखंडी काळ्या मशीनमध्ये ती बाजूला असते, पण डावीकडे की उजवीकडे हे मॉडेलवर आहे. न चुकणारा नियम असा की सुईच्या अंगावर एक लांब खोबण असते, ती ज्या बाजूला त्याच बाजूने दोरा नाकात घालायचा, आणि दोरा सुईच्या आधी ज्या शेवटच्या हुकातून येतो तो हुक जिकडे असेल तिकडे खोबण ठेवायची. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवा आणि मग स्क्रू आवळा. एक-दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाका सुटतो.

नंबर पण बघा. साध्या ब्लाऊजच्या सुती कापडाला १४ नंबर, रेशमी किंवा जॉर्जेटला ११, जीन्सला आणि गोधडीला १६ किंवा १८. पाकिटावर १४ बरोबर ९०, ११ बरोबर ७५ असं जे असतं ते सुईच्या जाडीचं माप, ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेल्या पातळ शिफॉनवर १८ची सुई चालवली तर कापड भोकात खाली ओढलं जाणारच, त्याला मशीन काय करणार. आणि टीशर्टचं होजिअरी कापड किंवा विणलेल्या स्वेटरचे भाग मशीनवर जोडत असाल तर गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई मागा, साध्या सुईने तिथे टाके सुटतातच आणि लोकरीचे फासे तुटतात ते वेगळंच.

दोरा. हे बिचारं कोणाच्या लक्षातच येत नाही. रीळ डब्यात पडून आहे, रंग मॅचिंग आहे, घातला. एक फूटभर दोरा दोन हातांत धरून झटका द्या, फट्कन तुटला की तो कुजलाय, सरळ टाकून द्या. वर एक जातीचा आणि खाली भलताच जाड असं पण करू नका, वरचा आणि खालचा दोरा एकाच जाडीचा ठेवा. नाहीतर टेन्शन कितीही फिरवलं तरी कधी बरोबर येत नाही आणि माणूस वेडा होतो.

बॉबिनकडे आता जाऊया. ती केसमधून काढा आणि आधी नुसती बघा. दोरा घट्ट आणि एकसारखा गुंडाळलेला पाहिजे, एका बाजूला फुगलेली, सैल, वर दुसऱ्या रंगाचा उरलेला दोरा तसाच ठेवून त्याच्यावर भरलेली अशी बॉबिन असेल तर ती उलगडून परत भरा. काठोकाठ भरू नका, कडा जरा मोकळी ठेवा. लोखंडी बॉबिनला गंजाचा ठिपका असेल तर ती बाद, दोरा तिथे अडकत-सुटत येतो आणि शिलाई एकदा घट्ट एकदा सैल अशी होते.

काळ्या मशीनमध्ये बॉबिन केसमध्ये ठेवली की दोरा खाचेतून आणून चपट्या स्प्रिंगखाली सरकवायचा असतो, खाचेशी तो उलट वळण घेऊन आला पाहिजे आणि स्प्रिंगखाली जाताना बोटाला बारीकसा टक् जाणवतो. तो टक् नाही आला तर तो स्प्रिंगखाली नाही. केस मशीनमध्ये बसवतानाही तसाच आवाज येतो, नाही आला तर केस अर्धवट बसलीय आणि पहिल्या टाक्याला खाली पडेल नाहीतर सुई तिच्यावर आपटेल. वरून बॉबिन टाकायच्या पांढऱ्या मशीनमध्ये दोरा ओढल्यावर बॉबिन बहुतेक घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरायला पाहिजे, प्लेटवर छोटा बाण छापलेला असतो तो बघा. आणि शेजारणीची बॉबिन "सेमच दिसते" म्हणून घालू नका. दोन्ही साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतात पण उंचीत आणि कडेच्या वळणात फरक असतो, आत ती खडखडते किंवा घासते.

इथपर्यंत खर्च झाला एका सुईचा. लाल-पांढऱ्या तुकड्यावर परत ओळ मारा. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते.

संपली नसेल तर एक तास काढा, खाली जुना पेपर अंथरा आणि एक स्टीलचं ताट घ्या. ताट कशाला, तर या मशीनचे स्क्रू एवढेसे असतात आणि लादीवर पडले की कपाटाखालीच जातात, कायम.

सुईखालची प्लेट दोन स्क्रू काढून उचला. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे जे काही करडं, दाबून बसलेलं दिसेल ते कापडाचा भुसा, धूळ आणि तेल मिळून झालेलं असतं, नमदा असतो ना तसा थर, टाचणीने टोकरून काढावा लागतो. मी एकदा एका पायमशीनच्या सरकत्या प्लेटखालून तांदळाचे तीन दाणे आणि झेंडूची वाळलेली पाकळी काढलीय. खंडेनवमीच्या अक्षता. आपण मशीनची पूजा करतो, हळदकुंकू वाहतो, फूल ठेवतो, खूप छान, केलीच पाहिजे, पण हळदकुंकू तेलाच्या भोकांवर आणि सुईजवळ टाकू नका, पावडर तेलात मिसळली की आत पेस्ट होते. चाकावर किंवा लाकडी फळीवर बोट टेकवा, देवीला चालतं. आणि पूजेच्या आदल्या दिवशी ही साफसफाई करून घेतली तर वर्षाचं काम होतं, आमच्याकडे तोच दिवस ठरलेला आहे.

सफाईला जुना कोरडा टूथब्रश आणि चिमटा पुरतो. तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीतून ओल जाते आणि भुसा आणखी आत ढकलला जातो. दात्यांमध्ये भुसा असला की कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी टाके पडतात, आणि एका जागी टाके पडले की खाली बोळा. बघा, परत तेच लक्षण पण कारण वेगळं.

आता टेन्शनच्या चकत्या. मघाची फूट खाली-वर चाचणी नापास झाली असेल तर हेच कारण धरून चाला. फूट वर करा म्हणजे चकत्या उघडतील, मग मऊ सुती कापडाची एक पट्टी, धोतराचा तुकडा सगळ्यात उत्तम, दोन चकत्यांच्या मधे घालून दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. पहिल्या ओढीलाच पट्टीवर तपकिरी रेघ येते, तो गंज. पट्टीची जागा बदलत ओढत राहा, स्वच्छ निघेपर्यंत. कधी तुटलेल्या दोऱ्याचा अर्धा इंचाचा तुकडा बाहेर येतो, तो एवढासा तुकडा चकत्या उघड्या ठेवतो आणि वरचा ताण जातो. इथे तेल घालायचं नाही, दोरा तेलकट होऊन घसरतो आणि नवीन पडद्यावर डाग पडतात. काळ्या मशीनमध्ये चकत्यांशेजारी एक बारीक तारेची स्प्रिंग असते, दोऱ्याबरोबर ती वर-खाली उडते, ती तुटलेली किंवा वाकून पडलेली असेल तर तिचा नाद तुम्ही करू नका, मेकॅनिकसाठी ठेवा.

चकत्या स्वच्छ झाल्यावर मगच टेन्शनचं बटण फिरवा. नंबर असलेल्या मशीनमध्ये ३ ते ५ च्या मधे ठेवून सुरुवात करा, काळ्या मशीनमध्ये नट घड्याळाच्या दिशेने म्हणजे घट्ट. अर्धा फेरा फिरवला की एक ओळ मारून बघायची, परत अर्धा, परत ओळ. एकदम पाच फेरे पिळून काही कळत नाही.

तेलाबद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे. खोबरेल तेल घालू नका. घरात आहे, सुगंधी नाही, शुद्ध आहे, सगळं मान्य, पण खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली थिजतं आणि हवा लागून लागून कुठलंही खाण्याचं तेल डिंकासारखं चिकट होतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मशीन दगडासारखी जड होते ती त्यामुळे. मशीन ऑइल म्हणून पाण्यासारखं पातळ तेल मिळतं, छोटी बाटली वर्षभर पुरते. प्रत्येक भोकात एक थेंब, दोन नाही, आणि शटल फिरतं त्या कडेला एक. मग दोरा न घालता जुन्या कापडावर पाच मिनिटं चालवा, काळं पाणी बाहेर येईल ते पुसा. रात्रभर सुईखाली फडक्याची घडी ठेवून फूट खाली करून सोडा, जास्तीचं तेल ते पिऊन घेतं. पांढऱ्या मशीनचं पुस्तक मात्र आधी वाचा, काहींमध्ये वरच्या भागात तेल घालायची गरजच नसते आणि आत नायलॉनचे गिअर असतात.

ती रात्र मोकळी मिळते तेव्हा विणकाम काढावं, माझं तरी तसंच चालतं. लोकरीचे गुंडेही पावसाळ्यात तपासलेले नसतात, कसर लागली की धागा मधे मधे तुटलेला निघतो आणि बाळाचं टोपडं विणताना दर चार ओळींनी गाठ मारत बसावी लागते. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस ठेवून, झटकून घ्या. मुंबईला कुठे लागतं स्वेटर असं सगळे म्हणतात, पण नाशिकच्या नातवाला लागतं, आणि लोकल सुटल्यावर खिडकीची जागा मिळाली की सुलट-उलट टाके बोरिवलीपर्यंत आपोआप पडतात.

असो. परत मशीनवर या.

अजून जाम होतेय, आणि आवाज खालून येतोय, तर शटल काढून बघायला लागेल. हे काळ्या मशीनमध्ये घरी करता येतं, पांढऱ्यामध्ये पुस्तकात दाखवलं असेल तेवढंच करा. चाक फिरवून सुई एकदम वर न्या. बॉबिन केस काढा. शटलच्या कडेला दोन छोट्या खिट्ट्या असतात त्या बाहेर वळवा, की पुढचं गोल कडं सुटून हातात येतं, आणि मग मधली दांडी धरून चंद्रकोरीसारखं शटल बाहेर निघतं. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक पायरीला एक. परत बसवताना अर्धा तास वाचतो. आत बघा, कडेच्या खाचेत दोऱ्याचे गुंडाळलेले तुकडे असतात, काळे, तेलात भिजलेले, कधी सापासारखी लांब गुंतवळ निघते. जाम होण्याचं कारण बहुतेक तेच. सगळं पुसा, एक थेंब तेल, परत बसवा, कडं लावा, खिट्ट्या आत वळवा आणि हाताने चाक हळू फिरवून बघा, कुठेही न अडता फिरलं पाहिजे.

शटल हातात आहे तोवर त्याच्या चोचीवरून नख फिरवा. चोच म्हणजे दोऱ्याचा लूप पकडणारं ते टोक. गुळगुळीत पाहिजे. कधीतरी सुई तिच्यावर आपटलेली असेल तर तिथे चरा पडतो आणि दोरा दर वेळी तिथे अडकून पिंजतो. तेच प्लेटच्या सुईच्या भोकाचं, कापसाचा बोळा भोकाच्या कडेवरून फिरवा, तंतू अडकला तर कड खरबरीत आहे. प्लेट बदलायला फार खर्च नसतो, शटलही मिळतं, पण शटल मशीनच्या मॉडेलप्रमाणे घ्यावं लागतं, म्हणून जुनं बरोबर घेऊन जा.

पायमशीनचा चामड्याचा पट्टा पण पावसात ओल धरून सैल होतो. मग पाय मारता पण चाक मागेपुढे अडखळतं, त्यात उलटी गिरकी बसली की जाळं. पट्टा तारेच्या हुकने जोडलेला असतो, अर्धा-पाऊण सेंटिमीटर कापून परत जोडला की घट्ट होतो. फार घट्ट करू नका, पायांना त्रास.

आता तो बदनाम बॉबिन केसचा स्क्रू. एवढं सगळं करूनही लाल-पांढऱ्या तुकड्यावर फरक नसेल तरच याला हात लावा. बॉबिनसकट केस दोऱ्याला लटकवा, हाताने हलकासा झटका द्या. एखाद इंच खाली येऊन थांबली तर ताण बरोबर आहे, स्क्रूला शिवू नका. सरळ जमिनीवर गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. स्प्रिंगवर दोन स्क्रू दिसतील, मधला मोठा तो ताणाचा, टोकाचा बारीक तो फक्त स्प्रिंग धरून ठेवतो, तो सोडवायचा नाही. फिरवायच्या आधी स्क्रूच्या खाचेची दिशा पेनाने केसवर खूण करून ठेवा. फिरवायचं ते घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढंच. केस ताटात धरून फिरवा, स्क्रू निघून पडला तर ताटातच पडेल.

इथे तुमचं काम संपलं. यापुढे हात घालू नका.

कधी थांबायचं ते स्पष्ट लिहिते. मोटरला किंवा पेडलला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, ठिणगी दिसली, जळका वास आला, तर प्लग काढा आणि मशीन लावूच नका, ओल्या हवेनंतर वायरचं इन्सुलेशन गेलेलं असू शकतं आणि त्यात प्रयोग करण्यासारखं काही नाही. नवी सुई घालूनही ती परत परत तुटत असेल, तरी थांबा. जीन्सच्या जाड शिवणीवर किंवा चेनवर सुई आपटली आणि तेव्हापासून एकही टाका पडत नसेल, तर टायमिंग हललंय, म्हणजे सुई आणि शटलची चोच एकमेकांना भेटायची वेळ चुकतेय. सुई अगदी खालून जरा, दोन-अडीच मिलिमीटर, वर आली की चोच तिच्या नाकाच्या किंचित वर पोचायला पाहिजे. प्लेट काढून चाक हळू फिरवलं तर हे बघता येतं, पण बघणंच, दुरुस्त करायला मागचे सेटचे स्क्रू सैल करावे लागतात आणि ते एकदा हलले की मूळ जागा सापडत नाही. चाक एका ठरावीक जागी दर फेऱ्याला अडकत असेल, नायलॉनचा गिअर फुटल्याचा कटकट आवाज येत असेल, किंवा मशीनच्या स्क्रीनवर एरर येत असेल, तिथेही तेच. वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू उघडू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा.

मेकॅनिक कुठे मिळेल, तर तुमच्या भागात अस्तर, फॉल, लेस, बटणं विकणारं जे दुकान असेल त्याला विचारा, फॉल-पिकोवाली बाई असेल तर तिला विचारा, त्यांच्या मशीन रोज चालतात, त्यांच्याकडे चांगल्या माणसाचा नंबर असतोच. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात तो येणार नाही, त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून अनंत चतुर्दशी झाली की लगेच मशीन उघडून बघा. तो आला की हातात तो लाल-पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा द्या, सुई आणि दोरा नवा घातलाय हे सांगा, काय काय साफ केलं ते सांगा, आणि बॉबिन केसचा स्क्रू फिरवला असेल तर तेही सांगा. पैसे ठरवताना टायमिंग सेट करायचे वेगळे आणि पार्टचे वेगळे विचारा, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. तो निघायच्या आधी तुम्ही जे शिवणार आहात त्याच कापडावर, गोधडी असेल तर गोधडीच्याच जाडीवर, त्याच्यासमोर एक पूर्ण बॉबिन संपेपर्यंत शिलाई मारून बघा, साध्या मांजरपाटाच्या तुकड्यावर सगळ्याच मशीन चालतात.